थंडीत पहाटे पळायला जाताना काय घालावं?

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी 28-30 अंशांचं ऊन असतं. आपल्याकडची थंडी अशी कोरडी. आभाळ निरभ्र, हवेत ओल कमी, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते आणि सगळ्यात जास्त गारठा सूर्य उगवायच्या सुमारास पडतो. म्हणून साडेपाचला निघणाऱ्याचे कपडे वेगळे आणि सातनंतर निघणाऱ्याचे वेगळे.

पहिली गोष्ट: दारात उभं राहिल्यावर थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा मिनिटं पळालं की अंग तापतं. मोबाइलवर 11 अंश दिसत असतील, तर साधारण 20 अंशांना जे घालाल तेच घाला. दारातच ऊबदार वाटत असेल, तर एक कपडा काढून ठेवा.

आता अंगालगतचा कपडा. सगळा खेळ इथेच आहे. भरतीची तयारी करणारी पोरं सुती बनियनवर लोकरी स्वेटर चढवून रस्त्यावर येतात. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. 1600 मीटरचा जोरदार राउंड मारून वेळ बघायला थांबलात, की तेच ओलं बनियन पाठीला चिकटतं आणि वाऱ्याची झुळूक आली की हुडहुडी भरते. त्यापेक्षा पॉलिएस्टरचा ड्रायफिट टी-शर्ट घाला, तो लवकर वाळतो. मुलींनीही आत सुतीऐवजी घट्ट बसणारी, लवकर वाळणारी स्पोर्ट्स ब्रा घालावी. वर ओढणी असेल तर मोकळी सोडू नका, कमरेला गाठ मारा.

त्यावर दुसरा थर पातळ, पूर्ण बाह्यांचा आणि पुढून चेन असलेला. चेन उघडली की वारा आत येतो, फारच गरम झालं तर काढून कमरेला बांधता येतो. जाड जर्किन नको. वजन उतरावं म्हणून प्लॅस्टिकसारखा सूट घालून पळणंही बंद करा. त्यात जातं ते पाणी, चरबी नाही. खाली साधी ट्रॅक पँट पुरते.

कान आणि हात मात्र झाका. पळताना पायांना ऊब लवकर येते, बोटांना उशिरा. पातळ कानटोपी आणि हातमोजे पुरेत, गरम झालं की खिशात जातात. गार हवेने खोकला येत असेल तर नाकातोंडावर रुमाल सैल बांधा. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कालव्याकाठी किंवा भिजवलेल्या गव्हाच्या रानाजवळून पळत असाल, तर तिथे गारठा जास्त जाणवतो. मैदानावरच्या गवतात दव असतं आणि जाळीचे बूट लगेच ओले होतात. मोज्यांचा कोरडा जोड बरोबर ठेवा. वारा असेल तर जाताना वाऱ्याला तोंड द्या, येताना तो पाठीवर घ्या. घाम आलेल्या अंगावर समोरून वारा नको.

हे दिवस ऊसतोडीचे. अंधारात लातूर, बीड, धाराशिवच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या चालतात, अनेकींना मागे दिवाही नसतो. काळा ट्रॅकसूट त्यांच्या चालकाला दिसत नाही. पांढरा किंवा पोपटी रंग घाला, पाठीवर आणि पायांवर चमकपट्टी लावा, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने पळा. एका कानातही इअरफोन नको.

पळून झाल्यावर गप्पा नंतर. आधी ओला टी-शर्ट काढा, अंग पुसा, कोरडा कपडा घाला. तहान लागली नसली तरी पाणी प्या, थंडीत तहान जाणवत नाही, पण घाम गेलेला असतो. शेकोटीजवळ बसायचं तर अंगात सुती किंवा लोकरी कपडाच हवा. पॉलिएस्टरवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं.