बाळ चालायला लागतंय: घर आवरा, हात खाली धरा, घाई सोडा

बाळ दिवाणाला धरून एकदाचं उभं राहिलं की घरातला जो तो त्याला चालवायला निघतो. आज्जी दोन्ही हात वर धरून अंगणभर फिरवते, मामा खडेबाजारातून वॉकर घेऊन येतो आणि शेजारच्या काकू 'आमचा दहाव्या महिन्यात पळत होता' असं सांगून आईला घोर लावून जातात. यातल्या कशाचीच गरज नसते. बाळ चालतं ते आपल्या पाठीच्या, कमरेच्या आणि पायांच्या बळावर. मोठ्यांचं काम जमीन तयार ठेवण्याचं आणि बाळाचा तोल बाळालाच सांभाळू देण्याचं आहे.

आधी वयाचा घोळ मिटवू. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून काढलेल्या मर्यादा २००६ साली प्रसिद्ध झाल्या. आधार धरून उभं राहणं ४.८ ते ११.४ महिने, आधाराने चालणं ५.९ ते १३.७, आधाराशिवाय उभं राहणं ६.९ ते १६.९ आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं बाळही ठीक आणि सतराव्यात चालणारंही ठीक. याच पाहणीत शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालली. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर तेवढे दिवस वयातून वजा करा: दोन महिने आधी जन्मलेलं बाळ वर्षाचं झालं तरी चालण्याच्या हिशेबात दहा महिन्यांचंच. हा हिशेब दुसऱ्या वाढदिवसापर्यंत धरायचा.

फरशी, तेल आणि पावसाळा

चालायला लागलेल्या बाळाला बोटांनी जमीन पकडावी लागते, म्हणून घरात अनवाणीच बरं. मोजे घालून गुळगुळीत टाइल्सवर सोडलं की पाय फाकतात आणि बाळ मागे डोक्यावर आपटतं. थंडी फार असेल तर तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घाला, नाहीतर तळव्याकडून कापलेले. सारवलेली जमीन, कोबा आणि खरबरीत शहाबादी या तिन्हींवर पाय चांगला टेकतो, मात्र सारवण पूर्ण वाळल्याशिवाय बाळाला त्यावर सोडू नये. पॉलिश केलेल्या कडप्प्यावर पाण्याचा एक थेंबही पुरतो.

तेल ही आपल्या घरांतली खास अडचण. मालिश करून न्हाऊ घातल्यावरही तळव्यांना तेलाचा ओशटपणा राहतो. डाळीच्या पिठाने तळवे वेगळे चोळून धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मगच खाली सोडा. खानापूर भागात जून ते सप्टेंबर फरशीला ओल सुटते. तेव्हा सोप्यात एक कांबळं किंवा जाड सतरंजी अंथरून चालण्याची जागा ठरवून टाका. तिची कड गुंडाळलेली किंवा सुरकुतलेली नको, बाळ नेमकं तिथेच अडखळतं.

डायपरकडेही लक्ष द्या. भरलेला डायपर मांड्यांत येतो आणि बाळ आणखी फेंगडं चालतं. दिवसातून थोडा वेळ नुसत्या पातळ लंगोटात किंवा तसंच सोडावं. पायजमा घोट्याच्या वर, झबलं गुडघ्याच्या वर.

पायातल्या वाळ्यांना घुंगरू असतील तर त्यांचा एक उपयोग खरा आहे: स्वयंपाकघरातल्या माणसाला बाळ कुठवर गेलं ते ऐकू येतं, आणि आवाज अचानक थांबला की उठून पाहायचं हेही कळतं. पण एकेक घुंगरू आठवड्यातून एकदा ओढून पाहा. सुटलेलं घुंगरू थेट तोंडात जातं. वाळा आणि पाय यांच्यात एक बोट सहज फिरलं पाहिजे.

हात कसा धरायचा

हात डोक्याच्या वर धरून चालवलं की बाळ लोंबकळतं, चवड्यांवर येतं, पुढे झुकतं आणि तोल सांभाळण्याचं काम तुमच्या हातांकडे सोपवतं. ते चालल्यासारखं दिसतं एवढंच. त्याऐवजी खाली बसा आणि कमरेला दोन्ही बाजूंनी हलकेच धरा. हातच द्यायचा असेल तर बाळाच्या खांद्याच्या उंचीपेक्षा खाली द्या. एक बोट पुढे करा आणि ते बाळाला धरू द्या, तुम्ही त्याची मूठ धरू नका. मग सोडायची वेळ बाळच ठरवतं.

एका हाताला झटका देऊन उचलणं, उंबरा ओलांडवताना मनगटाला ओढणं, हात धरून गरगर फिरवणं यांमुळे कोपरातलं हाड जागेवरून थोडं सरकतं. बाळ रडतं, हात अंगालगत लोंबता ठेवतं आणि खेळणं दुसऱ्या हातानेच घेतं. सूज बहुधा दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं हट्ट करतंय. मुलांच्या किंवा हाडांच्या डॉक्टरला ते बसवायला फारसा वेळ लागत नाही. हाडवैद्याकडे नेऊन तेल लावून चोळून घेऊ नका.

रोज काय करायचं

पहिली पायरी म्हणजे धरून आडवं चालणं. साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर उंचीचं, न हलणारं काहीतरी हवं: दिवाण, लाकडी पेटी, भिंतीला टेकवलेला बाक. प्लास्टिकची खुर्ची नको, ती बाळासकट उलटते. आवडती वस्तू, म्हणजे बहुतेक घरांत वाटी किंवा डब्याचं झाकण, बाळापासून दोन हात बाजूला ठेवा. रोज बाजू बदला, नाहीतर बाळ एकाच दिशेने सरकायला शिकतं.

ते जमलं की शेजारी दुसरा आधार ठेवून दोघांत १५ सेंटिमीटर फट ठेवा. बाळ एक हात सोडून दुसरा टेकवतं. दोन-चार दिवसांनी फट ३० करा, मग ४५. या शेवटच्या फटीत दोन्ही हात क्षणभर सुटतात. घरच्यांना पहिलं पाऊल दिसतं ते बरेचदा इथेच, आणि ते आधी कुणी पाहिलं यावरून आत्ती आणि आई यांच्यात वाद ठरलेला.

उभं राहणं पक्कं करायला बाळाची पाठ भिंतीला टेकवा, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि समोर छातीच्या उंचीवर एखादी वस्तू धरा. ती घ्यायला बाळ पाठ सोडतं. पडलं तर भिंतीलाच टेकतं.

खाली बसणं हे वेगळं शिकावं लागतं, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पुष्कळ बाळं उभी राहतात आणि बसता येत नाही म्हणून रडतात. लोकांना वाटतं पाय दुखले. उचलून घेऊ नका. खेळणं गुडघ्याच्या उंचीवर धरा, मग हळूहळू जमिनीवर न्या. गुडघे वाकवून ढुंगणावर बसणं एकदा जमलं की पुढची निम्मी पडझड मऊ होते.

मग दोन माणसांनी समोरासमोर खाली बसायचं, मध्ये एक हात अंतर. बाळ एकाकडून दुसऱ्याकडे झेपावतं. इथे सगळ्यांची एक खोड असते: बाळ जवळ आलं की 'अजून ये, अजून ये' म्हणत मागे सरकायचं. तसं करू नका. ठरलेल्या जागी पोचल्यावर कुशीत घेतलं की बाळ दुसऱ्या खेपेला स्वतःहून निघतं. अंतर वाढवायचं ते पुढच्या फेरीत. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना. डोळे चोळणारं बाळ नुसतं पडत राहतं.

जोत्याच्या पायऱ्या आणि उंबरा पाठमोरं उतरायला याच दिवसांत शिकवा. पायरीशी बाळाला पालथं वळवा, एक पाय धरून खालच्या पायरीला टेकवा, मग दुसरा. चार दिवस सलग केलं की बाळ कडेशी आल्यावर आपणच वळतं.

पांगुळगाडा आणि वॉकर

बाळाला मध्ये बसवायचा चाकांचा वॉकर घेऊ नका, कुणी दिला असेल तर माळ्यावर टाका. त्यात बाळ चवड्यांनी ढकलत जातं, आपले पाय त्याला दिसत नाहीत, आणि जोत्यावरून किंवा जिन्यावरून खाली जायला त्याला पळभर पुरतो. कॅनडाने २००४ पासून त्याची विक्रीच बंद केली आहे.

पांगुळगाडा वेगळा: बाळ मागे उभं राहून स्वतःच्या पायांवर ढकलतं. फक्त तो लवकर देऊ नये. जमिनीवरून आधार धरून उठता येतं आणि आडवं चालता येतं, त्यानंतर द्या. दांडी बाळाच्या बेंबी आणि छाती यांच्या मध्ये यावी. ७५ सेंटिमीटर उंचीच्या बाळाला ४० ते ४५ पुरे. घेताना दांडीवर तळहाताने खाली दाब देऊन पाहा. पुढचं चाक उचललं जात असेल तर गाडा बाळाच्या अंगावर येणार. पुढच्या आडव्या पट्टीला दोन-तीन किलो वाळूची पिशवी घट्ट बांधली की हा दोष जातो. दुसरा दोष म्हणजे गाडा पुढे पळतो आणि बाळ तोंडावर पडतं. मागच्या दोन्ही चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वेग निम्मा होतो. खिळ्यांची डोकी, लाकडाची कुसळं, सुटणारा रंग हे हाताने चाचपून पाहा. बाळ दांडी चावणारच, म्हणून बिनरंगाचं लाकूड उत्तम. सुताराकडून करून घेतलात तर कडा गोल करायला सांगा.

पाणी, बंब आणि चुना

चालतं बाळ रांगत्या बाळापेक्षा वीतभर वर पोचतं आणि दुप्पट वेगाने दिसेनासं होतं. ज्या गल्ल्यांत नळाला रोज पाणी येत नाही तिथे घरात बादल्या, पिंपं भरून ठेवलेली असतात. बाळाचं डोकं जड असतं. अर्ध्या बादलीत वाकलं तर त्याला परत वर येता येत नाही. रिकामी बादली पालथी, भरलेल्या पिंपाला घट्ट झाकण, न्हाणीच्या दाराला वर कडी. अंगणातल्या संपच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या, झाकणाला कुलूपच लावा, नुसता दगड ठेवून भागत नाही. न्हाणीतल्या बंबाला आणि चुलीच्या वैलाला विझल्यावरही तासभर हात लागू देऊ नका.

निपाणी-चिकोडीकडे घराघरांत तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी किंवा ट्यूब असते. बाळ ट्यूब दाबतं, झाकण उडतं आणि चुना डोळ्यांत जातो. चुन्याने बुबुळ भाजतं, दृष्टीही जाऊ शकते. असं झालं तर ताबडतोब स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पापणी उघडी धरून किमान वीस मिनिटं डोळा धुवा. तूप, दूध, काजळ काही घालू नका. चुन्याचे कण दिसले तर ओल्या कापडाच्या टोकाने टिपून घ्या आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. चंची ठेवायची जागा आजोबांच्या उशाखालून उंच फळीवर न्यावी, मग आजोबा कितीही कुरकुरोत.

पडल्यावर

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचा खेळ मोजला: तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. म्हणून प्रत्येक वेळी 'अगं बाई' करत धावायचं नसतं. बाळ पडलं की आधी तुमच्या तोंडाकडे बघतं. तोंड हसरं असेल तर उठतं. 'मुंगी मेली, मुंगी मेली' म्हणायला हरकत नाही.

टेंगूळ आलं तर गार पाण्याची घडी दहा मिनिटं धरा, चोळू नका. पण शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, नाकाकानांतून रक्त किंवा पाणी आलं, बाळ उठवूनही उठेना, किंवा डोक्याच्या बाजूला मऊ फुगा आला, तर वाट पाहायची नाही, थेट दवाखाना. पहिले २४ तास लक्ष ठेवा.

बूट

बाहेर जायला लागेपर्यंत बूट नकोत. मग घ्याल तो तळाला हाताने वाकणारा, टाचेला घट्ट, पुढे रुंद घ्या. बाळाला उभं करून, संध्याकाळी माप घ्या, अंगठ्यापुढे एक सेंटिमीटर जागा. दर दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. चूंचूं वाजणारे बूट मोठ्यांच्या हौशीचे; तळ कडक असतो. अथणीची कोल्हापुरी चप्पल एवढ्या लहान पायांना नको, टाच सुटते आणि बोटं आवळून धरावी लागतात. पावसाळ्यात बाहेर ठेवलेला बूट घालण्याआधी झटकून घ्या, विंचू बसलेला असतो.

काय चालून जातं, काय दाखवावं

पाय फाकलेले, हात खांद्यापर्यंत वर, गुडघे बाहेर वाकलेले, तळवे सपाट, हे सगळं सुरुवातीला असतंच. महिना-दोन महिन्यांत हात खाली येतात. गुडघ्यांचा वाक दोन वर्षांपर्यंत कमी होत जातो, तळव्याची कमान तर पाच-सहा वर्षांपर्यंत घडत असते. दोन वर्षांनंतरही वाक वाढत असेल आणि मनगटं जाड दिसत असतील तर मुडदूस आहे का ते डॉक्टरांना पाहू द्या. बाळाला पहिल्या वर्षी ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज देतात, ते चुकवू नका.

दाखवायला न्यावं ते असं: वर्षाचं होऊनही आधाराने उभं राहत नाही, अठरा महिने उलटून चालत नाही, एकच पाय ओढतं किंवा लंगडतं, वर्षाच्या आत एकच हात वापरतं, सतत चवड्यांवर चालतं, किंवा चालत होतं ते थांबलं. आधी अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे तपासणीला येतं आणि गरज असली तर पुढे पाठवतं. जाताना तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकात आई-बाळाच्या नोंदींसाठी मिळणारं सरकारी कार्ड, घ्या. डॉक्टरांसमोर बाळ हमखास चालत नाही, आईच्या पदराला धरून बसतं. म्हणून आदल्या दिवशी घरात, अनवाणी, पाय उघडे ठेवून समोरून, मागून आणि बाजूने अर्धा अर्धा मिनिट चालतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा.