मांजराच्या पिल्लाला नेमके काय होते आहे, हे कळत नसताना : या चुका टाळा

गोव्यात पावसाळा सुरू झाला की पडवीतल्या लाकडांच्या राशीत, गोठ्याच्या माळ्यावर किंवा बंद पडलेल्या स्कूटरच्या आडोशाला मांजरी पिल्ले घालतात, आणि त्यांतले एखादे अशक्त पिल्लू भिजत आपल्या दारात येऊन बसते. ते सतत ओरडते, पोटाला हात लागला की अंग आक्रसते, ताटलीकडे धावते आणि दोन घास खाऊन मागे सरते. अशा वेळी घरात पहिला निष्कर्ष निघतो तो हाच, की पोटात जंत झाले असणार. हा निष्कर्ष पुष्कळदा बरोबरही असतो, कारण गोलकृमींच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात जातात आणि भटक्या मांजरीच्या पिल्लांत त्या नसणे हाच अपवाद असतो. अडचण निष्कर्षात नाही. त्यानंतर घाईने दिल्या जाणाऱ्या औषधात आणि औषधाआधी जे पाहायला हवे ते न पाहण्यात आहे.

थंड पडलेल्या पिल्लाला भरवणे

मांजराच्या शरीराचे तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सियस असते, म्हणजे निरोगी पिल्लू आपल्या तळहाताला कोमट लागते. ते गार लागले, तर जंत, पिसवा आणि बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी त्याला ऊब द्यावी. चार आठवड्यांखालील पिल्लाला स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही आणि अंग थंड असताना त्याच्या आतड्यांचे काम मंदावते, त्यामुळे दूध पचत नाही, आणि गिळण्याची शक्ती कमी झालेली असल्यास ते श्वासनलिकेतही जाते. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पिल्लाच्या एका बाजूस ठेवावी आणि जास्त गरम झाल्यास त्याला सरकता येईल एवढी जागा मोकळी सोडावी. हेअर ड्रायरने किंवा शेगडीजवळ धरून एकदम तापवू नये.

ऊब आल्यावर वाटीभर गाईचे दूध पुढे ठेवणे ही दुसरी चूक. त्यातील लॅक्टोज ही साखर अनेक पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि मग त्या जुलाबांचे खापर जंतांवर फोडले जाते. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी वापरावी. चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाला पिल्लांसाठीचे ओले खाद्य किंवा मीठ-मसाल्याशिवाय शिजवून बारीक केलेली कोंबडी थोडी थोडी देता येते. तारल्यांची आणि बांगड्यांची डोकी ही आपल्याकडची मांजरांची ठरलेली मेजवानी असली, तरी आजारी पिल्लाला काट्यांसकट कच्ची मासळी देऊ नये.

घरातली गोळी चालवून पाहणे

राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेन्डाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी दिली जाते, त्यामुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे झाले आहे आणि 'त्यातलाच एक तुकडा' पिल्लाला द्यावा हा विचार सहज सुचतो. तो अमलात आणू नये. अल्बेन्डाझोलमुळे मांजरांच्या अस्थिमज्जेचे काम मंदावून रक्तपेशी घटल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत, आणि अर्ध्या किलोच्या जिवासाठी गोळीचा तुकडा अंदाजाने मोडणे हे तर निव्वळ धाडस होय.

ताप असेल म्हणून पॅरासिटामॉल देणे याहूनही घातक आहे. मांजराच्या यकृताला हे औषध नीट निकामी करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. 500 मिलिग्रॅमची एक गोळी पूर्ण वाढलेल्या मांजराचाही जीव घेऊ शकते. जंतांवर लसूण आणि पिसवांवर कापूर हे उपायही वडीलधाऱ्या माणसांकडून मोठ्या विश्वासाने सुचवले जातात, पण लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कापूर चाटल्यास विषबाधा होते. वडिलांचा मान राखून हे दोन्ही उपाय नाकारावेत.

एकदा औषध दिले म्हणजे जंत गेले, असे समजणे

पिल्लांच्या गोलकृमींसाठी पशुवैद्य बहुधा पायरँटेलचे पातळ औषध देतात. त्याची मात्रा वजनावर ठरते आणि बाटलीनुसार औषधाची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून शेजाऱ्याच्या मांजराला 'अर्धा मिली' दिला होता ही माहिती निरुपयोगी आहे. पिल्लू 400 ग्रॅमचे आहे की 700 ग्रॅमचे, हे हातात घेऊन कळत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर भांडे ठेवून त्यात ते बसवावे. वजन रोज एकाच वेळी करून कागदावर लिहून ठेवावे, कारण सलग दोन दिवस वजन न वाढणे किंवा घटणे ही वाढत्या पिल्लाच्या बाबतीत ओरडण्यापेक्षा अधिक विश्वासार्ह खूण आहे. डॉक्टरांनाही 'कालपासून बरे नाही' या वाक्यापेक्षा त्या कागदाचा उपयोग अधिक होतो.

पायरँटेल आतड्यातील कृमींवर काम करते. शरीरात अन्यत्र फिरणाऱ्या अळ्यांवर नाही. त्या पुढे आतड्यात उतरतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी मात्रा देण्याची पद्धत आहे. औषधानंतर शेवयांसारखे पांढुरके कृमी शौचातून पडले तर घाबरू नये, आणि काहीच पडले नाही म्हणून लगेच दुसरी मात्राही देऊ नये. शिवाय शेपटीखालच्या केसांना चिकटलेले, कधी वळवळणारे पांढरे छोटे तुकडे दिसले तर ते फीतकृमीचे असतात आणि त्यांवर पायरँटेल चालत नाही. त्यासाठी प्राझिक्वान्टेल लागते. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे तर कृमीच नव्हेत, ते एकपेशीय जीव आहेत, आणि पातळ, दुर्गंधीयुक्त किंवा आव-रक्त मिसळलेली शौच त्यांच्यामुळे होत असेल, तर नेहमीच्या जंतनाशकाने गुण येत नाही. त्यासाठी शौचाचा ताजा नमुना झाकणाच्या स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात न्यावा. एका तपासणीत काही सापडले नाही, तरी तेवढ्यावर परजीवी नाहीत असे ठरत नाही, कारण अंडी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत.

पिसवांना किरकोळ समजणे

पिसवा म्हणजे नुसती खाज, हा समज मोठ्या मांजराबाबत एकवेळ चालून जाईल. पिल्लाबाबत तो जिवावर बेततो. चिमूटभर रक्त असलेल्या जिवाला डझनावारी पिसवा चिकटल्या तर काही दिवसांतच रक्तक्षय होतो. पिल्लाचा वरचा ओठ हलकेच उचलून हिरडी पाहावी: ती गुलाबी असावी. फिकट किंवा पांढरी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पिसू प्रत्यक्ष दिसली नाही, तरी शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर काळे कण दिसतात. ते ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. उवा काढायची बारीक दातांची फणी अशा पिल्लासाठी सर्वांत सुरक्षित हत्यार ठरते. मानेपासून सुरुवात करून मागे विंचरावे आणि प्रत्येक वेळी फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. अंघोळ घालणे अपरिहार्य असेल तर पाणी कोमट असावे, काम दोन-तीन मिनिटांत उरकावे आणि पिल्लू पूर्ण कोरडे करावे. पावसाळी हवेत ओले राहिलेले पिल्लू पिसवांनी नव्हे, गारठ्याने दगावते.

कुत्र्यासाठी आणलेली पावडर किंवा मानेवर टाकायचे थेंब मांजराला कदापि लावू नयेत. त्यांत बऱ्याचदा पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते. त्याने मांजराला थरथर सुटते आणि झटके येतात. मांजरांसाठीच्या थेंबांवरही वय आणि वजन छापलेले असते, आणि त्यांतील बहुतेक अगदी लहान पिल्लांसाठी नसतात. गोठ्यातल्या जनावरांच्या गोचिडांचे औषध पातळ करून वापरणे हाही तसलाच प्रकार.

औषध लावूनही पिसवा परत येतात, याचे कारण औषध नकली असणे हेच नसते. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून गळून फरशीच्या फटींत, गोणपाटात, चटईत पडतात. दमट हवा अळ्यांना मानवते, आणि कोषातील पिसूपर्यंत फवारा सहसा पोहोचत नाही. पिल्लाचे अंथरूण दर काही दिवसांनी गरम पाण्यात धुवावे, कोपरे झाडून कचरा बंद पिशवीत टाकावा आणि घरातील सर्व मांजरा-कुत्र्यांवर एकाच वेळी त्यांच्या त्यांच्या औषधाने उपचार करावेत. पिल्लांत फीतकृमी बहुधा पिसू गिळल्याने होतो, त्यामुळे पिसवा राहिल्या तर प्राझिक्वान्टेलचा खर्चही वाया जातो.

जंतांवाचून दुसरे काही सुचू न देणे

फुगलेले पोट जंतांचे असते, तसे ते पोटात पाणी झाल्यामुळेही असते. त्याचा निवाडा हाताने होत नाही. कान सतत खाजवणाऱ्या पिल्लाच्या कानात काळपट, कोरडा मळ दिसला तर कानातील माइट्सचा, म्हणजे अगदी बारीक परजीवींचा, संशय घ्यावा, पण कानाचा पडदा तपासल्याशिवाय तेल किंवा थेंब ओतू नयेत. वारंवार उलट्या करणाऱ्या पिल्लाच्या जिभेखाली पाहावे: अबोलीच्या वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा, सुकलेला दोरा तिथे अडकून त्याचे दुसरे टोक आतड्यात गेलेले असू शकते. असा दोरा ओढू नये, कापूही नये. आतडे चिरण्याची भीती असते. उलट्या, जुलाब आणि अचानक आलेली मरगळ एकत्र असेल तर पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य रोगाचा विचार करावा लागतो आणि तिथे वेळ तासांत मोजावा लागतो. थोड्या मोठ्या पिल्लाने पाल मारून खाल्ली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण उष्ण, दमट प्रदेशांत मांजरांच्या यकृतात शिरणारा एक चपटा कृमी पालींमधून येतो.

पिल्लू बरे होईपर्यंत त्याला एका खोलीत वेगळे ठेवावे आणि त्याची विष्ठा रोज उचलून हात साबणाने धुवावेत. गोलकृमींची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात जाऊ शकतात आणि अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायांत शिरतात. घरात गर्भवती स्त्री असल्यास हे काम दुसऱ्याने करावे. औषध पाजताना पिल्लाने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन आरोग्य केंद्रात दाखवावी. गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला असला, तरी लस घ्यायची की नाही हे आपण घरी बसून ठरवू नये.