वाक्यातून हरवलेला माणूस कसा शोधावा

अमानुषीकरण म्हटले की वाचक आधी शिव्या शोधू लागतो. माणसाला कुत्रा, किडा किंवा घाण म्हटलेले सापडले की शोध संपला असे त्याला वाटते. शिवी सहज दिसते, आणि समोरचा माणूस दुखावेल एवढे तरी शिवी देणाऱ्याला ठाऊक असते. त्याहून खोल इजा करणारी भाषा वेगळी असते. तिच्यात माणसाचे नाव राहते, पण त्याचे क्रियापद काढून घेतलेले असते. तो काही ठरवत नाही, काही नाकारत नाही, त्याच्या बाबतीत फक्त काही ना काही होत राहते. ही इजा वाचताना पकडायची कशी, याची मला उपयोगी पडलेली रीत येथे मांडत आहे. त्यासाठी हाताशी पेन्सिल हवी आणि तोच मजकूर तीन वेळा वाचण्याची तयारी हवी.

पहिल्या वाचनात फक्त माणसांसाठी आलेल्या नामांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येक नामाला विचारावे, की हे नाव कोणाच्या वहीतून आले? ऊसतोडीचा शब्द घ्या. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मजूर एकटा असेल तर तो ‘अर्धा कोयता’. हंगामाआधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि त्या हिशेबात दोन जिवंत माणसे आणि त्यांच्या हातातले हत्यार यांचे नाव एकच असते. येथे कोणी कोणाला शिवी दिलेली नाही. मजूरही स्वतःबद्दल याच शब्दात बोलतात, आणि म्हणूनच हा शब्द थांबून पाहावा. बाईची पाळी, तिचा ताप, तिचे बाळंतपण यांसाठी कोयत्याच्या हिशेबात रकाना नसतो. असतो तो ‘खाडा’, म्हणजे गैरहजेरीचा दिवस, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली. गावात या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. ‘तिने पिशवी काढून घेतली’ असे लिहिले की निर्णय सर्वस्वी तिचा ठरतो, आणि ‘तिची पिशवी काढली’ असे लिहिले की ती केवळ टेबलावरचे शरीर उरते. उचल फिटायची आहे, खाडा परवडत नाही आणि डॉक्टर भीती घालत आहे, अशा वेळी तिने दिलेला होकार या दोन वाक्यांपैकी एकातही मावत नाही. असे वाक्य हाती लागले की नामे सोडून क्रियापदांकडे वळावे.

दुसरे वाचन क्रियापदांचे. शाळेत शिकलेले कर्तरी-कर्मणी प्रयोग येथे खरोखर कामाला येतात. ‘अतिक्रमण हटवण्यात आले’ या वाक्यात हटवणारा नाही आणि ज्यांना हटवले तेही नाहीत. उरते ते फक्त अतिक्रमण, म्हणजे एक वस्तू. पेन्सिलने शेजारी लिहून पाहावे: ‘पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी इतक्या कुटुंबांची घरे पाडली.’ हा आकडा आपल्याला भरता येत नसेल, तर बातमीने तो दिलेलाच नाही हेही तेथेच कळते.

अशा वाक्यरचनेचा जाणीवपूर्वक उपयोग कवी कसा करतो, हे बा. सी. मर्ढेकरांच्या ओल्या पिपात मेलेल्या उंदरांच्या कवितेत पाहावे; ती ‘काही कविता’ या 1947 च्या संग्रहात आहे. उंदरांच्या माना ‘पडल्या’ आहेत, आणि त्या ‘मुरगळल्याविण’ पडल्या आहेत. मुरगळणारा हात असता तर निदान कोणावर तरी बोट ठेवता आले असते. पुढे जगणे आणि मरणे या दोन्हींसाठी कवी ‘सक्ती’ हा एकच शब्द वापरतो. सरकारी पत्रकात कर्ता लपवलेला असतो. कवितेत कर्त्याची रिकामी जागा वाचकाला बोचेल अशी उघडी ठेवलेली असते. रचना सारखीच दिसली तरी हेतू उलटे आहेत, आणि वाचकाने दोहोंतला फरक करायला शिकणे मला फार महत्त्वाचे वाटते. याच वाचनात ‘लागते’, ‘भाग पडले’, ‘पाहिजे’ यांच्याभोवती वर्तुळ करावे. ‘मी जातो’ याचे ‘मला जावे लागते’ झाले की ‘मी’चा ‘मला’ होतो आणि सक्ती व्याकरणातच दिसू लागते.

तिसऱ्या वाचनात साहित्याशेजारी कायदा ठेवावा. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा यासाठी सर्वांत बोलका आहे. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याच्या ‘आहारी गेला’ आहे असे सरकारला वाटले, तर तशी अधिसूचना काढता येत असे, आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. ‘आहारी गेलेला’ माणूस निवड करत नाही, असे एकदा गृहीत धरले की त्याने कोणता गुन्हा केला हे विचारण्याची गरजच उरत नाही, जन्म पुरतो. नोंदणी, हजेरी, हद्द ओलांडण्यासाठी पास, कुंपणाच्या आतली वसाहत (‘सेटलमेंट’), मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद, हे सारे त्या एका गृहीतकातून टप्प्याटप्प्याने आले. 1911 मध्ये हा कायदा नव्याने केला गेल्यावर तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला, 1924 मध्ये तो पुन्हा नव्याने केला गेला, आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावाच्या वस्त्या आहेत. त्या नावातला ‘फ्री’ हा शब्द वाचताना, ज्यांच्या मोकळे असण्याचीही नोंद वस्तीच्या नावात करावी लागली, ती माणसे डोळ्यांसमोर आणावीत.

आता अशाच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे 1987 चे आत्मकथन उघडावे. समाजाने दिलेले दूषण येथे पुस्तकाचे नाव झाले आहे, पण आत बोलतो तो ‘मी’. ज्या माणसाला वाक्यात कर्म म्हणूनच जागा होती, तो पानोपानी कर्ता होऊन येतो. कायद्याचा एक परिच्छेद आणि या आत्मकथनाचे एक पान शेजारी ठेवून फक्त कर्त्यांची यादी करावी. वाचनगटात हा प्रयोग केला तर तासाभराच्या चर्चेने जे साधत नाही, ते त्या दोन याद्यांतून दिसते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’लाही (1980) हीच रीत लागू पडते.

दोन ठिकाणी घाई करू नये. प्राण्याचे नाव आले म्हणजे अपमान झाला असे मराठीत मानता येत नाही. आपण लेकरांना पिल्लू, चिमणी, वासरू म्हणतो आणि शूराला वाघ म्हणतो. ज्याला ते नाव दिले त्याला उलट उत्तर देण्याची जागा त्या मजकुरात उरली आहे का, एवढे पाहावे. दुसरे म्हणजे कणव. ‘बिचारे’, ‘पिचलेले’, ‘आवाज नसलेले’ ही विशेषणे सहानुभूतीतून येतात, पण तीही माणसाच्या हातून निवड काढून घेतात. म्हणून कथेत पात्राने कुठे ‘नाही’ म्हटले आहे हे मुद्दाम शोधावे. ते एखादे काम रेंगाळत करणे असेल, खोटे नाव सांगणे असेल किंवा नुसते गप्प बसणेही असेल. असे एकही ठिकाण सापडले नाही, तर लेखकाला ते दाखवायचे नव्हते की त्याला दिसलेच नाही, हा प्रश्न समासात लिहून ठेवावा.

सरावासाठी रोजचे वर्तमानपत्र पुरते. ‘जेरबंद’ हा शब्द शोधावा. मुळात तो घोड्याचे डोके वर उसळू नये म्हणून बांधायच्या पट्ट्याचा शब्द. बिबट्या जेरबंद होतो आणि शेजारच्या रकान्यात एखाद्या जमातीचे नाव लावलेली टोळीही जेरबंद होते. दुसऱ्या बातमीत त्या जागी ‘अटक केली’ असे लिहून पाहावे. लगेच कोणी केली, कोणत्या कलमाखाली, आणि आरोपीचे म्हणणे काय, हे तीन प्रश्न उभे राहतात, जे बिबट्याच्या बातमीत कोणी विचारत नाही.