सीमाभागात राहून पत्रकारितेची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी कशी घ्यावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळणाऱ्या मराठी पदवीधराला पत्रकारितेच्या नियमित वर्गात रोज हजर राहणे बहुधा जमत नाही, आणि कोल्हापूर, पुणे किंवा धारवाड येथे खोली घेऊन दोन वर्षे काढणे सर्वांच्या घराला परवडत नाही. ऑनलाइन पदव्युत्तर पदवीमुळे ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली आहे. मात्र पडद्यावरून माध्यमांचा इतिहास, सिद्धांत, कायदा आणि संशोधनपद्धती शिकता येते. बातमी शिकायची ती गावातच, माणसांत आणि कागदपत्रांत जाऊनच. म्हणून अभ्यासक्रम निवडताना आणि तो करताना स्वतःचा तालुका हीच आपली प्रयोगशाळा आहे, असे धरून चालावे.

प्रवेशाआधी तपासायच्या गोष्टी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन वेगळ्या शिक्षणपद्धती मानल्या आहेत, आणि सीमाभागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. दूरस्थ पद्धतीत अभ्यासकेंद्रे असतात आणि राज्य विद्यापीठांना ती आपल्या कार्यक्षेत्रातच चालवावी लागतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र महाराष्ट्र, तर म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचे कर्नाटक. त्यामुळे राज्यसीमेवरील कोगनोळी गावाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या विद्यार्थ्यांची केंद्रे आपोआप वेगळी होतात. ऑनलाइन पद्धतीला कार्यक्षेत्राची ही मर्यादा लागू नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठ पुण्याचे असो, दिल्लीचे असो की चेन्नईचे, खानापूर तालुक्यातील विद्यार्थी घरी राहून त्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम करू शकतो.

मान्यतेची खात्री जाहिरातीवरून किंवा ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून करू नये. आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर प्रत्येक शैक्षणिक सत्रासाठी परवानगी असलेली विद्यापीठे आणि अभ्यासक्रम यांची यादी असते. त्या यादीत विद्यापीठाचे नाव, पत्रकारितेचा नेमका अभ्यासक्रम आणि 'ऑनलाइन' ही पद्धत या तिन्ही गोष्टी आपल्या प्रवेशाच्या सत्रासाठी सापडल्या पाहिजेत. विद्यापीठाला एखाद्या विषयाची परवानगी आहे म्हणून सगळ्याच विषयांची असते असे नाही, आणि गेल्या वर्षीची परवानगी यंदा गृहीत धरता येत नाही. २०२४-२५ पासून प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण ब्युरोचा ओळख क्रमांक, आवश्यक झाला आहे. तो काढण्यासाठी आधी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणारे ऑनलाइन खाते लागते. या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून, स्वतः बसून कराव्यात.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे की, 'आमच्याकडे फॉर्म भरा, परीक्षेचेही आम्ही बघतो' असे सांगणारे मध्यस्थ आपल्या भागात सहज भेटतात. विनियमांनुसार विद्यापीठाला आपला ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझी देऊन चालवता येत नाही. शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यावर भरावे, पावती विद्यापीठाच्याच नावाची घ्यावी आणि परीक्षेचे पासवर्ड कोणाच्याही हाती देऊ नयेत.

मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. 'मास्टर' असे भारदस्त नाव दिलेली खासगी संस्थांची प्रमाणपत्रे मात्र पदवी ठरत नाहीत. त्यांतून एखादे कौशल्य चांगले शिकता येईल, पण पुढे प्राध्यापक होण्यासाठी नेट परीक्षेला बसायचे असेल तर ती उपयोगी पडणार नाहीत.

अभ्यासक्रमाची पुस्तिका कशी वाचावी

प्रवेशाला साधारणपणे कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि वर्षातून जुलै व जानेवारीच्या सुमारास अशी दोन सत्रे असतात. याहून अधिक लक्ष पुस्तिकेतील श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) तक्त्याकडे द्यावे. वार्तांकन, संपादन, दृक्‌श्राव्य निर्मिती, लघुप्रबंध आणि प्रशिक्षणार्थी म्हणून करायचे काम यांना किती श्रेयांक आहेत हे मोजावे. सगळे श्रेयांक केवळ लेखी परीक्षेला असतील, तर तो अभ्यासक्रम माध्यमांविषयी माहिती देईल. पत्रकार घडवण्याचे काम त्याच्याकडून होणे अवघड आहे. माझा कल स्पष्टपणे लघुप्रबंध आणि प्रत्यक्ष काम या दोहोंना चांगले वजन देणाऱ्या अभ्यासक्रमाकडे आहे, मग त्या विद्यापीठाचे नाव थोडे कमी गाजलेले असले तरी चालेल.

माध्यमभाषेचा प्रश्न आधीच सोडवावा. या स्तरावरील बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रमांचे साहित्य इंग्रजीत किंवा हिंदीत असते. स्वाध्याय आणि लघुप्रबंध कोणत्या भाषेत स्वीकारले जातील, मराठी वृत्तपत्रांवरील संशोधन चालेल का आणि मराठीत केलेली बातमी किंवा ध्वनिफीत प्रात्यक्षिक म्हणून सादर करता येईल का, हे प्रश्न प्रवेशापूर्वी विद्यापीठाला ईमेलने विचारावेत आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. परीक्षा घरून देखरेखीखाली होणार की केंद्रावर, आणि केंद्रावर होणार असेल तर जवळचे केंद्र बेळगाव, हुबळी की कोल्हापूर, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

वेळेचा अंदाज कागदावर मांडल्याशिवाय प्रवेश घेऊ नये. या शिक्षणपद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास धरला जातो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम ८० श्रेयांकांचा असेल तर एकूण २,४०० तास होतात, म्हणजे आठवड्याला सुमारे २३ तास. ऊसतोडणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत हे तास कोठून काढणार, याचा विचार घरच्या मंडळींबरोबर बसूनच करावा. साहित्य म्हणाल तर लॅपटॉप, बरा मोबाइल आणि शर्टाला लावायचा साधा मायक्रोफोन एवढे सुरुवातीला पुरते. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, तेव्हा व्याख्याने आधी उतरवून ठेवण्याची सोय आहे का ते पाहावे.

तालुका हीच प्रयोगशाळा

पदवीचा खरा कस येथे लागतो. अभ्यासक्रमात 'आर्थिक वार्तांकन' असा घटक आला, की उदाहरणे मुंबईच्या शेअर बाजाराची असतात. आपण मात्र गाळप हंगामात निपाणी-चिकोडी भागातील एखाद्या ऊस उत्पादकाच्या घरी जावे आणि काट्याची पावती पाहायला मागावी. भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्या वाहनाचे वजन, त्यातून निघालेले उसाचे निव्वळ वजन आणि तारीख, एवढ्या नोंदींवरून कामाला सुरुवात करता येते. केंद्र सरकार ठरवते तो एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, साखर उताऱ्याशी बांधलेला असतो, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के दराने व्याज देणे लागते. पावतीवरची तारीख आणि बँकेच्या पासबुकातील जमा झाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवावी, मधले दिवस मोजावेत, बिलातून तोडणी-वाहतुकीपोटी किती कापले ते पाहावे.

एका शेतकऱ्याच्या कागदावर बातमी उभी करू नये. त्याच कारखान्याला ऊस घातलेल्या आणखी काही जणांची बिले पाहावीत, शक्य तर सीमेपलीकडच्या कारखान्याला ऊस पाठवणाऱ्याचेही बिल मिळवावे, आणि त्यानंतर कारखान्याच्या कार्यालयात जाऊन त्यांची बाजू विचारावी. उत्तर दिले नाही तर कोणत्या दिवशी, कोणाला, काय विचारले होते याची नोंद वहीत ठेवावी. कागद वाचणे, आकडा पडताळणे, तुलना करणे आणि दुसरी बाजू घेणे हे सगळे या एका कामात हाताखालून जाते, आणि हीच बातमी पुढे स्वाध्याय म्हणून सादर करता येते.

विषयांची आपल्याकडे वाण नाही. राकसकोप जलाशयाची पातळी आणि बेळगाव शहरातील पाण्याचे दिवस, कळसा-भांडुरा प्रकल्पाकडे खानापूरच्या गावांतून कसे पाहिले जाते, २०१९ च्या कृष्णेच्या पुरानंतर नदीकाठच्या घरांच्या भरपाईचे काय झाले, निपाणीच्या विडी कामगार महिलांची मजुरी, शहापूर-वडगावचे विणकर, सुवर्ण विधानसौध येथे भरणारे हिवाळी अधिवेशन आणि त्या काळात तेथे येणारे मोर्चे: यांपैकी कोणताही विषय दोन वर्षे पुरेल एवढा खोल आहे.

या कामात कन्नड वाचता आल्याशिवाय भागत नाही. सीमाभागातील मराठी शाळेत शिकलेल्यांना अक्षरओळख आणि बोलण्यापुरती कन्नड असते, परंतु ग्रामपंचायतीचा ठराव, पहाणी (जमिनीचा उतारा), निविदा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचे आदेश यांची कन्नड निराळी असते. ती शिकण्याचा चांगला मार्ग असा की, एकाच विषयाची बातमी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वृत्तपत्रांत वाचावी, अडलेले शब्द वहीत उतरवावेत आणि मूळ आदेश मिळाला तर तो तिसरा म्हणून शेजारी ठेवावा. मराठीवरचे प्रेम याने रतीभर कमी होत नाही, उलट मराठी वाचकाला आपण अधिक खरी माहिती देऊ शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जालाही हे लागू आहे. २००५ च्या कायद्यानुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करायचा असतो. कर्नाटकात ती कन्नड आहे. अर्जासोबत १० रुपये शुल्क भरावे, अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, आणि ते आले नाही तर पहिले अपील करता येते.

सीमाप्रश्नावर लिहिताना

प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला या विषयावर लिहावेसे वाटणारच, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु आपल्या जिव्हाळ्याच्या विषयातच पडताळणी अधिक कसोशीने करावी लागते. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल मुळातून वाचावा. भाषणांतील त्याच्या उल्लेखांवर विसंबू नये. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. न्यायालयीन कामकाजावर लिहिताना १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचे भान लागते, आणि आदेशाची प्रत हाती नसताना 'न्यायालयाने सुनावले' असे मथळे देऊ नयेत. भाषा किंवा वास्तव्याच्या आधारे गटांत वैर पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि सीमाभागातील मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या, आसपास जुन्या चित्रफिती नव्या म्हणून फिरू लागतात, तेव्हा चित्रफीत कोठली, कधीची आणि कोणी काढलेली हे कळेपर्यंत ती पुढे पाठवू नये. जमावाचा आकडा संयोजक एक सांगतात आणि पोलीस दुसरा, तेव्हा दोन्ही आकडे कोणाचे ते नमूद करून द्यावेत आणि स्वतः पाहिलेले वर्णन वेगळे लिहावे.

वृत्तपत्राच्या कचेरीत

प्रशिक्षणार्थी म्हणून काम करण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. बेळगावला बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या 'तरुण भारत'पासूनची मराठी वृत्तपत्रांची परंपरा आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी वार्ताहर आहेत. विद्यापीठाचे पत्र आणि स्वतः केलेल्या दोन-तीन बातम्या घेऊन संपादकांना भेटावे. टंकलेखनाची तयारी मात्र आधी करावी: युनिकोड इनस्क्रिप्ट कळफलक सफाईने यावा, आणि काही कचेऱ्यांत जुने श्रीलिपी फाँट अजून वापरात असल्याने मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे कोठे तुटतात ते तपासण्याची सवय लावावी. बातमीखाली नाव छापून येण्याची घाई करू नये. उपसंपादकाने आपल्या प्रतीत काय कापले आणि का कापले, हे रोज विचारून घ्यावे. ऑनलाइन वर्गात हे शिक्षण मिळत नाही.

लघुप्रबंध

लघुप्रबंधाचा विषय पहिल्या वर्षाच्या अखेरीसच पक्का करावा. सीमाभागातील विद्यार्थ्याला दोन भाषांतील वृत्तपत्रे सहज मिळतात आणि वाचताही येतात, ही सोय पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला नसते, म्हणून तौलनिक विषय घेणे शहाणपणाचे ठरेल. उदाहरणार्थ, जिल्हा किंवा तालुका पातळीवर १५ टक्के लोकसंख्या बोलत असलेल्या भाषेत महत्त्वाचे नियम व सूचना द्याव्यात, अशी भाषिक अल्पसंख्याकांसाठी तरतूद आहे. तिच्या अंमलबजावणीच्या मागणीला मराठी आणि कन्नड दैनिकांनी एका ठरावीक वर्षात किती आणि कशी जागा दिली, असा विषय घेता येईल. इतिहासाची आवड असणाऱ्याने ६ जानेवारी आणि १ जुलै हे दोन पत्रकार दिन घ्यावेत. एक महाराष्ट्रातला, १८३२ च्या 'दर्पण' या मराठी वृत्तपत्राचा, दुसरा कर्नाटकातला, १८४३ च्या 'मंगळूर समाचार' या कन्नड वृत्तपत्राचा. दोन्ही ओळखणाऱ्या बेळगावात त्या निमित्ताने काय छापून येते, हे वर्षानुवर्षांच्या अंकांतून पाहता येईल. कालावधी लहान ठेवावा, अंकांची यादी आधी करावी, आणि जुने अंक कोणत्या वाचनालयात किंवा कचेरीत पाहायला मिळतील याची तोंडी नव्हे तर लेखी परवानगी घेऊनच आराखडा विद्यापीठाकडे पाठवावा.

नेट परीक्षेचा विचार असेल तर पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५० टक्के. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, त्यामुळे स्वाध्याय मराठीत लिहिण्याची मुभा मिळाली तरी संज्ञांची इंग्रजी वही पहिल्या सत्रापासून वेगळी ठेवावी.