गालिच्याचा, लादीचा वास जातच नाही? मग या चुका टाळा

मुंबईत जून ते सप्टेंबर गालिचा अंथरून ठेवणं हा खरं तर हट्टच आहे. हवेतला दमटपणा कित्येक दिवस ८०-९० टक्क्यांच्या घरात, कपडे पंख्याखाली दोन-दोन दिवस ओलेच, आणि हॉलमध्ये जाडजूड गालिचा. मग कुबट वास येऊ लागला की बादलीत फिनाइल दुप्पट पडतं, अगरबत्ती लागते, रूम फ्रेशनरचे फवारे उडतात. तासाभराने कुबट वास पुन्हा हजर, फक्त त्याला आता मोगऱ्याची फोडणी.

वास येतो म्हणजे तिथे काहीतरी आहे: मुरलेलं पाणी, सांडलेलं दूध, मूत, बुरशी. ते निघेपर्यंत वरून काहीही शिंपडलं तरी फरक पडत नाही.

वास कुठून येतोय हे न बघताच धुवायला घेणं

गालिचा गुंडाळून रात्रभर दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळी वास गालिच्यामागे त्या खोलीत गेला असेल तर दोष गालिच्याचा. हॉलमध्येच राहिला असेल तर गालिच्याला उगाच शॅम्पू घालू नका, लादीकडे आणि मोरीकडे बघा.

बाथरूम, बाल्कनी आणि वॉशिंग मशीनजवळच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी कायम साठलेलं असतं आणि तेच गटाराची हवा अडवून धरतं. वापरात नसलेल्या बाथरूममधलं हे पाणी उन्हाळ्यात आटतं. मे महिन्यात घर बंद करून गावी जाऊन आलात आणि दार उघडताच नाकाला रुमाल लावावा लागला, तर बहुतेक वेळा कारण हेच. दोन तांबे पाणी ओता, काम झालं. निघताना त्या पाण्यावर चमचा-दोन चमचे खायचं तेल सोडलं तर ते लवकर आटत नाही.

तळमजल्यावरची खोली असेल किंवा भिंतीपलीकडे बाथरूम असेल, तर लादीतूनच ओल येत असण्याची शक्यता मोठी. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा कोरड्या लादीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालच्या बाजूला थेंब धरले असतील किंवा लादी काळपट पडली असेल, तर ओल खालून येतेय. मग गळती काढणाऱ्याला बोलवायचं, गालिचे साफ करणाऱ्याला नाही.

सगळ्या वासांवर एकच सोडा

खायचा सोडा चांगलाच आहे, पण तो आंबट वासांवर चालतो. सांडून नासलेलं दूध, दही, घाम, उलटी या वासांत आम्ल असतं आणि सोडा ते मारतो. गणपतीत चौरंगाखालच्या गालिच्यावर पंचामृत सांडलं तर आधी दूध-दही-मध-साखर कोमट पाण्याने टिपून काढा, तुपाच्या डागाला साबणाचं पाणी लावा, आणि सगळं वाळल्यावर मग सोडा भुरभुरा. रात्रभर ठेवून सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. ओल्या गालिच्यावर सोडा टाकला तर त्याची खीर होऊन ती धाग्यांत घट्ट बसते. मुंबईच्या पावसाळ्यात तर कोरड्यावर टाकलेलाही दमट होतो, म्हणून त्या रात्री पंखा चालू ठेवा. आणखी एक, सोड्याची बारीक पूड व्हॅक्यूमचा फिल्टर पटकन बुजवते. नंतर तो झटकून घ्यायला विसरू नका.

मासळीचं मात्र उलटं. रविवारी बाजारातून येताना पिशवीतून कोळंबीचं पाणी दारातल्या पायपुसण्यावर ठिबकलं, तर तिथे सोड्याचा काही उपयोग नाही. मासळीचा वास ज्यातून येतो तो पदार्थ स्वतःच क्षारधर्मी असतो, त्याला आंबटच लागतं. मासे साफ केल्यावर हाताला लिंबू चोळायची पद्धत उगाच पडलेली नाही. गालिच्यावर लिंबाऐवजी पांढरं व्हिनेगर बरं, एक भाग व्हिनेगरला दोन-तीन भाग पाणी. आधी कोपऱ्यात लावून रंग जातो का ते बघून घ्या.

आणि दोन्ही एकदम घालायची हौस करू नका. सोड्यावर व्हिनेगर ओतलं की जोरदार फसफसतं, बघायला छान वाटतं, पण त्यात दोघंही एकमेकांना खाऊन टाकतात. मागे उरतं खारट पाणी, जे आता तुम्हालाच टिपायचं आहे.

दगड न ओळखता आंबट ओतणं

जुन्या चाळींतली शहाबादी फरशी, गॅलरीतला कोटा, ओट्याचा कडप्पा, हॉलमधला संगमरवर या सगळ्यांत चुना असतो. व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लिनर पडलं की त्यांची चकाकी कायमची जाते आणि दगड खरखरीत होतो. खरखरीत झालेला दगड मग वास आणि मळ आणखी धरतो, म्हणजे दुखणं वाढलंच. या दगडांवर मासळीचं पाणी सांडलं तर भांड्यांचा साधा साबण, भरपूर पाणी आणि लगेच कोरडं फडकं एवढंच. जुन्या मोझेक लादीलाही हाच नियम, कारण ती सिमेंटची. व्हिट्रिफाइड टाइल्सना व्हिनेगरने काही होत नाही, पण त्यांच्या फटींत भरलेल्या पांढऱ्या सिमेंटला होतं. टाइल्सच्या घरात वास धरतो तोही याच फटींत. तिथे मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी लावून जरा हात चालवावा लागतो, त्याला पळवाट नाही.

लाकडी फ्लोअरिंगवर तर बादलीभर पाण्याने लादी पुसणं हाच गुन्हा. पाणी सांध्यांतून खाली जातं आणि तिथे वाळायला वाट नसते. घट्ट पिळलेलं फडकं पुरे.

ब्लीचमध्ये काहीही मिसळणं

इथे थट्टा नाही. ब्लीच आणि टॉयलेट क्लिनरसारखं आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन, तोही विषारीच. जुन्या मुतात अमोनिया असतोच, त्यामुळे कुत्र्या-मांजराने वारंवार घाण केलेल्या कोपऱ्यात थेट ब्लीच ओतणंही याच सदरात येतं. आपल्या खिडकी नसलेल्या, वीतभर बाथरूममध्ये हा वायू जायला जागा नसते. ठसका लागला, डोळे चुरचुरले तर पुसत बसू नका, सगळे बाहेर या.

मांजराच्या मुतावर फिनाइल

मांजराच्या मुतात यूरिक ॲसिडचे खडे तयार होतात आणि ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. कोरड्या दिवशी वास गेल्यासारखा वाटतो, पहिला पाऊस पडला की त्याच कोपऱ्यातून पुन्हा भपकारा. फिनाइलने हे खडे जात नाहीत, वर मांजरांच्या यकृताला फिनॉल पचत नाही. पंजे चाटताना ते पोटात गेलं की मांजर आजारी पडतं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारे जंतुनाशकही मांजराच्या घरात नकोच.

इथे एन्झाइमवाला क्लिनरच लागतो, तो पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. पण लोक तो फवारतात आणि पाच मिनिटांत पुसून टाकतात, मग म्हणतात पैसे वाया गेले. एन्झाइमला वेळ लागतो. मूत जितकं खोल गेलं असेल तितकं खोल हे औषध पोचवा, वर प्लॅस्टिक अंथरून काही तास ओलं राहू द्या. त्याआधी तिथे जंतुनाशक किंवा ब्लीच लावू नका, एन्झाइम निकामी होतात. कडकडीत गरम पाणी किंवा स्टीमही नको, डाग आणि वास दोन्ही पक्के बसतात. नेमकी जागा सापडत नसेल तर दिवे मालवून छोटा यूव्ही टॉर्च मारून बघा, जुनं मूत पिवळट-हिरवट चमकतं.

धुतला, पण वाळवला नाही

मुंबईत सगळ्यात जास्त गालिचे यातच वाया जातात. ओला गालिचा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कोरडा झाला नाही की बुरशी धरायला लागते, आणि मग धुण्याआधीचा वास बरा म्हणायची वेळ येते. त्यामुळे जुलैत पूर्ण गालिचा धुवायचाच नाही. डाग पडला तेवढाच भाग टिपायचा. घासलं तर डाग पसरतो आणि आत जातो, म्हणून जुना टॉवेल ठेवून त्यावर उभं राहायचं.

वाळवताना खिडक्या सताड उघडायची सवय पावसात उलटी पडते. बाहेरचीच हवा ओली असेल तर ती घरात घेऊन काय वाळणार? खिडक्या बंद करा, एसी ड्राय मोडवर लावा, आणि गालिचा दोन खुर्च्यांवर टाकून खालून-वरून पंख्याचं वारं लागू द्या. गालिच्याची पाठ हाताला गार लागत असेल तर तो अजून ओला आहे, अंथरू नका. रबराची पाठ असलेल्या पायपुसण्यांचंही तसंच, वरून कोरडी दिसतात आणि उचललं की खाली लादी चिकट.

सतरंज्या, गालिचे नीट धुवायचे तर ऑक्टोबरची वाट बघा. त्या उन्हाला आपण वर्षानुवर्षं शिव्या देतो, पण सोसायटीच्या गच्चीवर पाठीकडून उलटा टाकलेला गालिचा त्या उन्हात खणखणीत वाळतो. लोकरीचा असेल तर धुण्याचा सोडा आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य. आणि ठेवणीतल्या गालिच्यात डांबरगोळ्या घालत असाल, तर रांगतं बाळ असलेल्या घरात तो तसाच अंथरू नका. काही बाळांच्या रक्ताला त्या वाफा बाधतात.

लादी पुसायचं फडकं हा एक वेगळाच मासला. रात्रभर बादलीत भिजत पडलेलं आंबूस फडकं सकाळी घरभर फिरतं आणि वास लादीचा म्हणून फिनाइल वाढतं. फडकं धुऊन, पिळून, दोरीवर.

पुराच्या पाण्यात भिजलेला गालिचा वाचवत बसणं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत जे पाणी शिरलं त्यात गटारही होतं. आजही हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलला पाणी भरतं तेव्हा ते निव्वळ पावसाचं नसतं. अशा पाण्यात भिजलेला फोमच्या पाठीचा गालिचा, अंडरले (गालिच्याखाली घालतात तो मऊ थर) आणि फोमच्या चटया सरळ टाकून द्या. सुती सतरंजी गरम पाण्यात साबणाने दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवली तर वापरता येते. हे उचलताना हातमोजे आणि गमबूट घाला, पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला करू द्या. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) अशाच पाण्यातून होतो.