‘कॉल ऑफ’ हे इंग्रजी क्रियापद नेमके कसे वापरावे

संप मागे घेतला. सभा रद्द झाली. ठरलेले लग्न मोडले. शोधमोहीम थांबवली. मराठीत या चार गोष्टींना चार वेगळी क्रियापदे लागतात, इंग्रजीत मात्र चारही ठिकाणी ‘कॉल ऑफ’ चालते. हे ठाऊक नसले की ‘संप मागे घेतला’चे ‘टुक बॅक द स्ट्राइक’ होते, किंवा मग जिथे तिथे ‘कॅन्सल’ येते. पहिले वाक्य चूकच आहे. दुसरे अनेकदा बरोबर असते, पण संप-आंदोलनांच्या बातमीत ते कानाला खटकते.

आधी पाहा, रद्द काय होते आहे?

माणसांनी मिळून करायचा ठरवलेला किंवा सुरू असलेला कार्यक्रम असेल तर ‘कॉल ऑफ’ घ्या : बैठक, सामना, मोर्चा, उपोषण, संप, वाटाघाटी, साखरपुडा, शोधकार्य. रेल्वेचे तिकीट, हॉटेलची खोली, मागवलेली वस्तू यांना ‘कॅन्सल’च हवे, ‘आय कॉल्ड ऑफ माय टिकेट’ असे कोणी म्हणत नाही.

सरकारी आणि न्यायालयीन रद्दीकरणाची क्रियापदे वेगळी. कायदा ‘रिपील’ होतो, जसे 2021 मध्ये तीन कृषी कायदे झाले. परवाना देणाऱ्यानेच काढून घेतला तर ‘रिव्होक’, न्यायालयाने रद्द ठरवला तर ‘क्वॅश’. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये टूजीचे 122 परवाने रद्द केले, तिथे ‘क्वॅश’ शोभते. 1905 ची बंगालची फाळणी 1911 मध्ये रद्द झाली, त्यासाठी इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत ‘अनल’ हे क्रियापद भेटते. यांपैकी कुठेही ‘कॉल ऑफ’ बसत नाही.

मग विचारा, निर्णय कोणाचा?

मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या शब्दावर गोष्ट सुरू होते किंवा चालते, तोच ती ‘कॉल ऑफ’ करू शकतो. फेब्रुवारी 1922 मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस चौकी पेटवली, पोलीस मारले गेले आणि गांधीजींनी असहकार आंदोलन मागे घेतले. याचे इंग्रजी ‘गांधी कॉल्ड ऑफ द नॉन-कोऑपरेशन मूव्हमेंट’ असे होते. आंदोलन ऐन भरात होते, अनेक सहकारी नाराज झाले, तरी थांबवण्याचा शब्द त्यांचा होता. ‘एंड’ वापरले असते तर वाक्य चुकले नसते, पण थांबवण्यामागचा तो अधिकार त्यात दिसला नसता.

आता उलट उदाहरण घ्या. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. इंग्रजीत ‘द स्ट्राइक वॉज नेव्हर फॉर्मली कॉल्ड ऑफ’. संप विरत गेला, गिरण्या बंद पडल्या, गिरणगाव उद्ध्वस्त झाले, पण ‘संपला’ असे जाहीर करणारा शब्द कोणी उच्चारला नाही. हा सगळा फरक ‘कॉल ऑफ’ने एका ओळीत सांगता येतो.

म्हणूनच तुम्हाला एकट्याला बैठकीला जाता येत नसेल तर ‘कॉल ऑफ’ लिहू नका, ‘आय कान्ट अटेंड’ लिहा. नाहीतर समोरच्याला वाटेल, बैठकच होणार नाही.

रद्द की पुढे ढकलले?

पुढे ढकलण्यासाठी ‘पोस्टपोन’ किंवा ‘पुट ऑफ’. 2020 ची विम्बल्डन स्पर्धा ‘कॉल्ड ऑफ’ झाली, ती त्या वर्षीची झालीच नाही. टोकियो ऑलिंपिक ‘पुट ऑफ’ झाले आणि 2021 मध्ये भरले.

शेवटी शब्दांचा क्रम

‘कॉल ऑफ द मीटिंग’ आणि ‘कॉल द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर. कर्म लांबलचक असेल तर पहिलाच क्रम घ्या, म्हणजे ‘ऑफ’ वाक्याच्या टोकाला एकटे लोंबकळत नाही. सर्वनाम आले की मात्र ते मध्येच ठेवायचे : ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ ही चूक परीक्षेत हमखास गुण घालवते. कर्मणी प्रयोगात दोन्ही शब्द जोडीनेच राहतात : ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ’. लिहिताना ‘ऑफ’ला दोन एफ, कारण एका एफचा शब्द निराळा आहे.

क्रिकेटची बातमी लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. पावसामुळे सामना अर्धवट सोडावा लागला तर ‘अबॅन्डन्ड’ हा त्या खेळाचा नेमका शब्द आहे. सप्टेंबर 2021 मध्ये भारत-इंग्लंड पाचवी कसोटी मँचेस्टरला सुरू होण्याच्या काही तास आधी थांबवली गेली, तिथे ‘कॉल्ड ऑफ’ योग्य. ती कसोटी जुलै 2022 मध्ये बर्मिंगहॅमला खेळवली गेली, तरी मूळ बातमीतले क्रियापद चुकीचे ठरत नाही, कारण त्या दिवशी कोणतीही नवी तारीख ठरलेली नव्हती.

सरावासाठी तीन वाक्ये घ्या : ‘अंधार पडल्याने शोध थांबवला’, ‘परीक्षा आठवडाभर पुढे गेली’, ‘मी गॅसची नोंदणी रद्द केली’. उत्तरे अनुक्रमे ‘कॉल्ड ऑफ’, ‘पुट ऑफ’ आणि ‘कॅन्सल्ड’. पहिल्यात एक बारकावा आहे : सकाळी शोध पुन्हा सुरू होणार असेल तर ‘सस्पेंडेड’ लिहा.