धाब्यावर खारी माती टाकताना

दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, इंचभर खारी माती चढते, जुनी मात्र कुणी काढत नाही. चार दिवसांची झड लागली की घर बसतं ते या साचलेल्या वजनानं. हिशेब करून पाहा. 100 चौरस फुटांवर 1 इंच माती म्हणजे सव्वाआठ घनफूट. दाबून बसलेल्या कोरड्या मातीचं वजन घनफुटाला साधारण 45 किलो, म्हणजे पावणेचारशे किलो. 10 बाय 20 च्या खोलीवर एका वर्षात साडेसातशे किलो चढले. पाच वर्षांत पावणेचार टन, आणि भिजल्यावर त्यात आणखी पाचवा हिस्सा पाण्याचा. खालचे सर (भिंतीत टेकलेल्या मुख्य तुळया) आणि कड्या (त्यांवरची आडवी लाकडं) मात्र त्याच, आजोबांच्या काळच्या.

म्हणून काम खालून सुरू करा. प्रत्येक सराची टोकं, म्हणजे भिंतीत शिरणारा भाग, जाड स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा उधई (वाळवी) लागलीय. हातोडी मारून ठस्स आवाज आला तरी तेच समजा. सराच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधा. 10 फुटी सराला इंचाहून जास्त पोट आलेलं दिसलं तर वर माती टाकायचीच नाही. आधी टेकू द्या, टेकूच्या बुडाशी फळी किंवा फरशी ठेवा (नाहीतर ओल्या जमिनीत तो रुततो), आणि सर बदलेपर्यंत त्या खोलीत झोपू नका.

आता माती. काळी माती कधीच नको. ती भिजली की फुगते, ऊन पडलं की तडकते आणि पुढचा पाऊस त्या भेगांतून सरळ घरात येतो. खाऱ्या मातीत सोडियम जास्त असतो. पावसाचं पाणी लागताच तिचे चिकण कण सुटे होतात, बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि वर साय धरल्यासारखा थर होतो. याच गुणामुळे ती शेतात नकोशी असते. ट्रॉली रिकामी करून घेण्याआधी परीक्षा घ्या: काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन बोराएवढं कोरडं ढेकूळ हलकेच सोडा, ढवळू नका. दहा-पंधरा मिनिटांत ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि तासाभरानंतरही पाणी गढूळच राहिलं तर माती चांगली. ढेकूळ नुसतं विरघळून तळाशी बसलं आणि पाणी नितळ झालं तर ती धाब्याच्या कामाची नाही. पाणी पावसाचं किंवा आरओच्या जारचं घ्या. बोअरच्या खारट पाण्यात चांगली मातीही खाली बसते आणि परीक्षा फसते. माती खणताना दरडीला खालून पोखरू नका, वरचा थर अंगावर येतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सगळं कोरडं असताना धाबं साफ करा. गवत मुळासकट उपटा, कारण मूळ कुजलं की त्याची नळी होते. उंदराची बिळं शेवटापर्यंत उकरून, मातीत गव्हाचा भुसा मिसळून, ठासून बुजवा. मग जितकी नवी माती टाकायची तितकी जुनी फावड्यानं खरवडून उतरवा. थर फूटभराच्या वर गेला असेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत थोडाथोडा कमी करा. उतरवताना एकाच कोपऱ्यात ढीग घालू नका.

नवी माती बोटभर जाळीच्या चाळणीतून चाळा. 10 बाय 20 ला इंचभर थरासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोणीनं मोजून 17 गोण्या लागतात, कारण सैल माती दाबल्यावर पाचवा हिस्सा बसते. उतार पन्हाळीकडे (छताचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीकडे), 10 फुटांना 2 ते 3 इंच. लेव्हल नळीनं मोजा, डोळ्यांवर विसंबू नका. कमी उतारावर डबकं साचतं, जास्त दिला तर पहिल्याच जोरदार सरीत माती धुऊन जाते. थोडं पाणी शिंपडून धुमसानं (माती ठोकायच्या जड दांड्यानं) ठोका. चिखल करू नका. पन्हाळ भिंतीबाहेर किमान फूटभर आली पाहिजे. भिंतीच्या कडेला आणि साण्याभोवती (उजेडासाठी छताला ठेवलेल्या भोकाभोवती) चार बोटं उंच बांध घाला, गळती बहुधा तिथूनच असते.

प्लास्टिक घालायचंच असेल तर जुन्या आणि नव्या थराच्या मध्ये घाला, उघडं वर नको, उन्हानं वर्षा-दोन वर्षांत फाटतं. मात्र खाली चूल असेल तर टाळा. वाफ लाकडातच अडकते.

पावसाळ्यासाठी चाळलेल्या कोरड्या मातीच्या दोन गोण्या घरात ठेवा. थेंब पडतो तिथेच वर भोक असतं असं नाही. पाणी कडीवरून सरकत येतं, म्हणून थेंबाच्या जागेपासून उताराच्या वरच्या बाजूला शोधा. दोन्ही भिंतींपासूनचं अंतर आतून मोजून वर खूण करा. पाऊस थांबल्यावर, फळीवर उभं राहून, भोक उकरून नरसाळ्यासारखं रुंद करा, कोरडी माती भरा, टाचेनं दाबा. ओली माती भरली तर ती सुकताना आकसते आणि कडेनं पुन्हा फट पडते.

हे सगळं जमतं ते जळगाव-धुळ्याच्या बेताच्या पावसात. नवापूर-अक्कलकुव्याकडे पाऊस जास्त, तिथे कौलंच बरी.